चांगली दिसली का माऊस जाते

"तुहा माऊस बिमार पडला व," आई फोनवर म्हणाली.

मे महिन्यातली दुपार होती. मी अमरावतीला माझ्या घरी, पडदे ओढून, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते. आई अकोल्याला एकटी राहते. बाबा गेल्यानंतर मी तिला माझ्याकडे ये म्हणून पुष्कळ विनवलं, पण तिला तिचं घर, तिची गच्ची आणि तिचा शेजार सोडवत नाही.

"बिमार म्हणजे काय झालं?"

"चालता चालता मधातच मरते. थोड्या वेळानं आपल्या मनानं जित्ता होते. पुन्ना मरते."

"सेल बदलून पाहिलास?"

"बदलला. बंद करून चालू केला. कम्प्युटर बंद करून चालू केला. तुले काय वाटते, मी काहीच न करता फोन करून राह्यली का?" मग ती आवाज उतरवून म्हणाली, "एक गोष्ट सांगू? हासू नको पन."

"नाही हसत."

"चांगली दिसली का जाते."

"कोण चांगली?"

"अवं, गॅलॅक्सी. साधीसुधी आली तं काई होत नाई. एखादी लय सुंदर आली, का गेलाच माऊस."

वचन मोडून मी हसले. तिनं फोन ठेवून दिला.

आईच्या या गॅलॅक्स्यांचं सांगितलं पाहिजे. ती अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायची. तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातून, कापूस वेचणाऱ्या घरातून, शिकायला बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. तिनं आयुष्यभर माणसांची हाडं आणि छात्या पाहिल्या. निवृत्त झाली, पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि दुपारी करायला काही उरलं नाही. एकदा वर्तमानपत्राच्या पुरवणीत तिनं वाचलं की मोठमोठ्या दुर्बिणी आकाशाचे इतके फोटो काढतात की शास्त्रज्ञांना ते सगळे बघायला वेळच पुरत नाही. म्हणून जगभरातल्या साध्या माणसांना विचारलं जातं, तुम्ही बघाल का? घरच्या कम्प्युटरवर एकेक दीर्घिका, म्हणजे आईची गॅलॅक्सी, समोर येते. ती गोल आहे की चपटी, तिला फाटे आहेत का, असतील तर किती, काही विचित्र दिसतं का, एवढीच उत्तरं द्यायची. त्याला पदवी लागत नाही, डोळे लागतात.

"हे खरं हाय का?" आईनं मला कात्रण दाखवून विचारलं होतं.

खरं होतं. मी माझा जुना लॅपटॉप तिला दिला, खातं उघडून दिलं, आणि मनात धरलं की आठवड्याभरात कंटाळेल. ती कंटाळली नाही. साइट इंग्रजीत आहे, पण आईचं इंग्रजी दवाखान्यातलं, कामापुरतं आणि पक्कं. ऑपरेशननंतर तिला लांबचं लख्ख दिसतं आणि जवळच्यासाठी चष्मा शोधावा लागतो, म्हणून मी लॅपटॉप टीव्हीच्या मागच्या फळीवर ठेवला आणि चित्र टीव्हीवर घेतलं. आई समोरच्या दिवाणावर मांडी घालून बसते, मांडीवर पोळपाट ठेवते आणि त्यावर बिनतारी माऊस फिरवते. तिच्या या रोजच्या दुपारीत आता माऊस मरत होता.

त्याच आठवड्यात पेपर तपासून झाले आणि मी अकोल्याची एसटी धरली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, खिडकीतून येणारा वारा चुलीपुढून आल्यासारखा होता. घरी पोचले तेव्हा आईनं पन्ह्याचा ग्लास हातात दिला, मी तो तोंडाला लावला, आणि ती म्हणाली, "पेली का? आता पाय टीव्हीकडं."

टीव्हीवर एक धुरकट, गोल, पिवळसर ठिपका होता. पिंजून ठेवलेल्या कापसाच्या पुंजक्यासारखा, कडा कुठे संपते ते कळू नये असा. आईनं 'गुळगुळीत' या अर्थाच्या बटणावर बाण नेला, क्लिक केलं. दुसरा ठिपका आला. क्लिक. तिसरी होती एक बारीक आडवी रेघ, मधोमध किंचित फुगलेली. "ही आडवी हाय. आपन हिच्या काठाकून पाहून राह्यलो," आई म्हणाली. क्लिक.

"चालतोय की."

"थांब ना."

आणखी काही आल्या आणि गेल्या. मग एकदम पडद्यावर ती आली. मी नुसतीच बघत राहिले. मधोमध तांबूस उजेडाचा गोळा होता. त्यातून दोन फाटे निघून सावकाश वळत, विरत, पुन्हा उजळत बाहेर गेलेले. फाट्यांवर निळे बारीक कण, जणू कोणी ओल्या रेघेवर चिमटीनं नीळ टाकली आहे. फाट्यांच्या पलीकडे काळोख, आणि त्या काळोखातही लांबवर आणखी चिमुकले ठिपके. तेही प्रत्येक एकेक दीर्घिका असणार, हे मला थोड्या वेळानं कळलं. मी ग्लास खाली ठेवला.

"आली का चांगली?" आई हळूच म्हणाली. मग पोळपाटावरचा तिचा हात हलला. पडद्यावरचा बाण जरासा सरकला आणि थिजला. तिनं माऊस गोल फिरवला, उचलून आपटला. बाण जागचा हलेना.

"पायलं?"

मी कामाला लागले. घरात कम्प्युटरचं काहीही अडलं की मलाच बोलावतात. कॉलेजात मी वाणिज्य शिकवते, पण घरच्यांच्या मते अमरावतीला राहणाऱ्या माणसाला हे यायलाच पाहिजे. मी नवा सेल घातला. माऊसचा तो नखाएवढा रिसीव्हर, जो लॅपटॉपला लावलेला असतो, काढून, पुसून पुन्हा घट्ट बसवला. सेटिंगमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी कम्प्युटर अशा वस्तूंना झोपवतो ती खूण काढली. मग दिवाणावर आईच्या जागी बसून मी स्वतः माऊस हातात घेतला.

तो सुरळीत चालला. मी गोल दीर्घिका पाहिल्या, आडव्या पाहिल्या, फाट्यांच्याही पाहिल्या. एक तर इतकी सुरेख होती की क्लिक करायला मन होईना. माऊस एकदाही गेला नाही. "झालं दुरुस्त," मी ऐटीत म्हणाले आणि जेवायला उठले.

जेवण झाल्यावर आई बसली. थोड्याच वेळात हाक आली, "गेला व!"

मी बसले, तर चालला. ती बसली, तर काही वेळानं गेला. पुन्हा मी, पुन्हा ती. माझ्या हातात तो मुकाट चालायचा आणि तिच्या हातात नेमक्या क्षणी मान टाकायचा.

"तुह्या हाताले डरते," आई म्हणाली. पण हसली नाही.

शेजारच्या काकू दुपारच्या चहाला आल्या. त्यांची बोरगावकडे शेती आहे, मुलं शेती बघतात आणि काकू अकोल्यात नातवंडांच्या शाळेसाठी राहतात. त्यांनी दारातच सगळं ऐकून घेतलं.

"ताई, राग नका मानू," काकू म्हणाल्या, "पन तुमच्या घरात काईतरी हाय. दारावर निंबू-मिरची बांधून पाहा. बांधाले काय जाते?"

"निंबाचं सरबत करा अन् मिरचीची भाजी," आई म्हणाली. "कारन असल्याबिगर काई होत नाई, बाई. कारन सापडलं नाई म्हनून कारनच नाई, असं नसते."

ती असं बोलली ते मला नवीन नव्हतं. आमच्या घरात देव्हारा नाही, बुद्धाची एक लहान मूर्ती आहे आणि आजोबांपासून चालत आलेली ही एक सवय आहे: कशामुळं झालं ते विचारायचं. काकूंनाही ते ठाऊक आहे. त्या मान हलवून हसल्या आणि टीव्हीकडे पाहत म्हणाल्या, "ही तं भोवरी हाय, नाई? पुरात नदीले पडते तशी."

"तशीच," आई म्हणाली. "पन हिच्यात एकेक थेंब म्हंजे एकेक सूर्य."

काकूंचा चहा बशीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी बाजारात जाऊन नवा माऊस आणला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, जुना फेकून द्या, त्याचं डोंगल, म्हंजे रिसीव्हर, गेलं असंन." नवा माऊस आईच्या हातात दिला. एक फाट्याफाट्यांची दीर्घिका आली, आणि तोही गेला.

म्हणजे दोष माऊसमध्ये नव्हता. मी कूलरवर संशय धरला. खिडकीतला तो पत्र्याचा मोठा कूलर चालू असला की भिंतसुद्धा गुरगुरते, त्याच्या मोटरीनं काही गडबड होत असेल. कूलर बंद केला. मे महिन्यात अकोल्यात भर सकाळी कूलर बंद करून बसणं काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आम्ही दोघी घामानं निथळत, एकेक दीर्घिका पाहत बसलो. शेवटी एक चांगली आली आणि माऊस गेला. मी लगेच कूलर चालू केला, राउटर उचलून लांब न्यायला धावले, आणि त्याच वेळी मोबाइलही दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.

"असं नोको करू," आई म्हणाली. "एका वेळी एकच बदल. फिलिम खराब आली अन् आपन चारही गोष्टी बदलल्या, तं कशानं सुधरली थे कसं कळंन?"

मग राउटर जागेवर आणला. मोबाइल जवळ आणला. एकेक करून सगळं पाहिलं. दुपारपर्यंत काहीच सापडलं नाही.

जेवण झाल्यावर आई भांडी विसळत होती. मी पुसत होते. ती मध्येच थांबली आणि उजवा हात नळाखाली तसाच धरून त्याच्याकडे पाहत राहिली.

"एवढी वर्सं मशीनपाशी काहाडली," ती म्हणाली, "हातात काई राह्यलं असंन का?"

एक्स-रे अंगात साठून राहत नाहीत, मशीन बंद झालं की संपले, हे मला तिनंच माझ्या लहानपणी शिकवलं होतं. मी तिला तेच सांगितलं.

"मले माईत हाय," ती म्हणाली. "पन तुह्या हातात चालते अन् माह्या हातात नाई. मंग मानूस काय समजंन?"

तिच्या हाताची बोटं जाड, नखं बारीक कापलेली. या हातांनी तिनं किती जणांचे खांदे काचेला टेकवून दिले असतील, किती लेकरांचे हात सरळ धरले असतील. त्या हातांकडे तिला असं परक्यासारखं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता हे कारण सापडलंच पाहिजे.

मी तिला हात पुसायला लावले आणि दिवाणावर बसवलं. "तू बस. मी माऊसला हात लावत नाही. मी टीव्हीच्या मागं उभी राहते आणि लॅपटॉपकडे बघते. तू रोज करतेस तसंच कर. सगळं."

टीव्हीच्या मागे भिंतीलगत दाटीवाटीनं दोन माणसं मावतील एवढी जागा होती. फळीवर लॅपटॉप. त्याच्या डाव्या बाजूला दोन पोर्ट अगदी खेटून. एकात माऊसचा रिसीव्हर, दुसऱ्यात एक पोर्टेबल हार्ड डिस्क. डिस्क माझ्या लग्नाचे व्हिडिओ ठेवायला घेतलेली होती. लॅपटॉप भरून गेला म्हणून मी ती आईला तशीच लावून दिली होती. उजव्या बाजूचं पोर्ट ढिलं, त्यात काहीच धरत नाही. मी त्या डाव्या बाजूला उभी होते, तिथून मला टीव्हीही दिसत नव्हता आणि लॅपटॉपचा पडदाही, फक्त आईचा चेहरा दिसत होता, त्यावर पडद्याचा उजेड पडलेला.

तिचा चेहरा मी असा प्रथमच समोरून पाहत होते. ती एकेक चित्र येईल तसं बघत होती. घाई नाही. क्लिक करण्याआधी किंचित श्वास रोखायची, मग सोडायची. रुग्णाला तेच सांगून सांगून तिलाच ती सवय लागली असावी.

मग तिच्या भुवया वर गेल्या. डोळे मोठे झाले. ओठ जरासे उघडले. मला चित्र दिसत नव्हतं, तरी मला कळलं, चांगली आली.

"आली," ती पुटपुटली.

मी लॅपटॉपकडे पाहत होते. काहीच झालं नाही. मग एकाएकी हार्ड डिस्कवरचा बारीक निळा दिवा लुकलुकायला लागला. डिस्क आत कुठेतरी घरघरली.

"गेला!" आई ओरडली.

"आत्ता काय केलंस तू? चांगली आली, मग काय केलंस?"

"काई नाई. पायलं."

"आणि?"

"अन् ठेवून घेत होती."

"कुठे?"

"तुनंच तं देल्लं होतं ना थे. डब्बी."

मी टीव्हीमागून बाहेर आले. आई सुंदर दीर्घिकांचे फोटो जपून ठेवत होती. उजवं बटण दाबायचं, 'सेव्ह' म्हणायचं, की हार्ड डिस्क जागी व्हायची आणि माऊस जायचा. मग आई गुडघ्यांवर हात टेकून उठायची, टीव्हीमागे जाऊन लॅपटॉपवरच बोट फिरवून सेव्ह पूर्ण करायची, परत येऊन बसायची. माऊस तोवर जिवंत झालेला असायचा. टीव्हीवर ती सेव्हची चौकट मलाही दिसली असणार, पण माझं सगळं लक्ष थिजलेल्या बाणाकडे होतं. मी काहीच जपून ठेवत नव्हते, म्हणून माझ्या हातात तो जात नव्हता.

"म्हंजे हाताचं काई नाई?" आईनं विचारलं.

"हाताचं काही नाही. तू आवडलेली ठेवतेस, एवढंच."

तिनं दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, आणि उठून टीव्हीमागे आली. "दाखव मले."

मी डिस्कवरच्या एका मोठ्या फाइलची डिस्कवरच दुसरी प्रत काढायला लावली, म्हणजे दिवा लुकलुकत राहील. आईच्या हातात माऊस होता. बाण थिजलेला. मग मी डिस्क तिच्या वायरीसकट धरून लांब नेली, वायर पुरेल तितकी. काही फरक नाही. गडबड डिस्कच्या डब्यातून कमी आणि पोर्टपाशी जास्त होत असावी. मी रिसीव्हर काढला आणि उजवीकडच्या ढिल्या पोर्टमध्ये घालून बोटानं दाबून धरला.

"चालला!" आई म्हणाली.

बोट उचललं, गेला. दाबलं, चालला. परत डावीकडे डिस्कच्या शेजारी लावला, थिजला. आम्ही हे पुन:पुन्हा केलं. प्रत्येक वेळी तेच होत होतं आणि प्रत्येक वेळी आम्हाला आश्चर्य वाटत होतं. काकू आवाज ऐकून आल्या आणि त्याही टीव्हीमागे वाकून पाहू लागल्या.

मी मोबाइलवर शोधलं. पुष्कळ लोकांना हा त्रास झालेला होता. माऊस रिसीव्हरशी रेडिओलहरींनी बोलतो. तो आवाज फार क्षीण असतो. आणि अशी वेगवान डिस्क काम करायला लागली की तिच्या जोडणीतून त्याच सुराचा गोंगाट बाहेर सांडतो. शेजारी बसलेल्या रिसीव्हरला मग माऊसचं बोलणं ऐकूच येत नाही. मी हे वाचून दाखवलं.

आई लॅपटॉपपाशी आणखी वाकली. मग तिनं आपला पंजा दोन पोर्टांच्या जवळ, हवेत धरला. तिथे काही दिसत नव्हतं. काही जाणवतही नसणार.

"इथं हाय थे," ती म्हणाली.

"काय हाय?" काकूंनी विचारलं.

"गोंगाट. आपल्याले ऐकू येत नाई, पन हाय." ती हात तसाच धरून बोलत होती. "मी कामाले लागली ना, तवा पयल्या दिवशी मले छातीवर लावाले बिल्ला देल्ला. म्हने, इथं जे हाय थे दिसत नाई, त्याचा वास नाई, आवाज नाई. या बिल्ल्यातल्या फिलिमवर मात्र उमटते. मले वाटलं, असं कसं असंन? मंग डार्करूममधी पयली फिलिम धुतली. लाल दिव्याखाली पान्यात एक हात निघून आला. बोटं, सांधे, अंगठी सुद्दा. हाडाच्या भवती अंगठी, अधांतरी. फिलिम वाळली तरी म्या हातातून सोडली नाई."

हे तिनं मला कधी सांगितलेलं नव्हतं.

मग ती एकदम वळली आणि स्वयंपाकघरात गेली. येताना स्टीलचं ताट घेऊन आली. "शिसं तं नाई आपल्यापाशी," ती म्हणाली, "पन लोखंड आडवं लावून पाहू." दोन्ही पोर्ट खेटून असल्यामुळं मध्ये ताट घालायला जागा नव्हती, तेव्हा तिनं डबे चाळून चॉकलेटची चांदी काढली, घडी घातली, आणि मला रिसीव्हर आणि डिस्कच्या पिनेमध्ये ती कडेनं उभी धरायला लावली. ती दिवाणावर जाऊन बसली. काकू मधोमध उभ्या.

"हलतो का?" मी आतून विचारलं.

"अडखळून राह्यला, पन हलते!" काकूच ओरडल्या. "ताई, हलते!"

चांदी काढली, थिजला. धरली, अडखळत चालला. एका चिमटीत मावणाऱ्या त्या चकचकीत कागदाच्या आड काहीतरी खरोखर अडत होतं. मी कॉलेजात रोज वाय-फाय वापरते, मोबाइलवर बोलते, आणि हवेतून काही जातं हे मला माहीत आहे असं मी समजत होते. त्या दिवशी टीव्हीमागे, घामानं पाठ भिंतीला चिकटलेली असताना, ते मला प्रथम खरं वाटलं. ही खोली, हा कूलर, आम्ही तिघी, आणि आमच्या मधून, आमच्यातूनही, न दिसणारं किती काय काय वाहत होतं.

उपाय अगदी साधा निघाला. संध्याकाळी मी बाजारातून यूएसबीची एक लांब वायर आणली. तिचं एक टोक लॅपटॉपला आणि दुसरं टोक टीव्हीच्या पुढे, बुद्धाच्या मूर्तीशेजारी, दिवाणासमोर. रिसीव्हर त्या टोकाला. आता तो डिस्कपासून लांब आणि आईच्या हाताजवळ होता. आईनं एक दीर्घिका ठेवून घेतली. निळा दिवा लुकलुकला. बाण पळत राहिला.

"आता तुह्या सगळ्या दाखव," मी म्हणाले. माझ्या तोंडातून तिचीच बोली निघाली.

तिनं डिस्क उघडली. मला वाटलं होतं थोड्या असतील. पडदा भरून गेला, खाली सरकवला, पुन्हा भरला. अंगठीसारखी नुसती कडा उजळ असलेली एक. जवळच दुसरी असल्यामुळं एका बाजूला ओढली गेलेली एक, वाऱ्यात पदर जावा तशी. काळ्या धुळीच्या पट्ट्यानं मधोमध कापलेली एक. आई एकेक मोठी करून दाखवायची. काकू जमिनीवर बसून पाहत होत्या, स्वयंपाकाची वेळ टळून गेली तरी.

"ह्या तुझ्याआधी कुणी पाहिल्या असतील?" मी विचारलं.

"मशीननं फोटो काहाडले. बाकीचे लोकबी पायतात, एकच फोटो लय जनांना देतात. पन एखादी अशी असंन का तिच्याकडं पाहनारं पयलं मानूस मीच." तिनं माऊस सोडून दिला. "म्हनून मी घाई नाई करत. पयल्यांदा कोनी पाहून राह्यलं, तं नीट पावं."

मग जरा वेळानं, पडद्याकडेच बघत, ती म्हणाली, "दवाखान्यात बी तसंच होतं. एखाद्या लेकराचं काळीज त्याच्या मायनं बी पायलं नसते. मी पयली पायची."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. ज्या खोलीत तिनं इतकी वर्षं काढली ती मला औषधांच्या वासाची, ओलसर, कंटाळवाणी खोली वाटत आलेली होती. शाळा सुटल्यावर मी तिथल्या बाकावर गृहपाठ करत बसायचे आणि आत जड दाराआड आई 'श्वास घ्या, रोखून धरा' म्हणत असायची. त्या दाराआड ती हे बघत होती. घरी येऊन भाकरी थापायची, आणि हे कोणाला सांगायची नाही. सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलं नसेल, किंवा आम्ही कधी विचारलं नाही.

काकू म्हणाल्या, "ताई, थे अंगठीवाली पुन्ना दाखवा."

आईनं दाखवली.

जून लागला, कॉलेजात प्रवेशाची गर्दी सुरू झाली. एका दुपारी आईचा फोन आला. मी स्टाफरूमच्या खिडकीपाशी गेले.

"माऊस?" मी विचारलं.

"माऊसले काय झालं? बरा हाय. आयक, दोन आल्या."

"दोन काय?"

"दोन गॅलॅक्स्या, एकमेकीत शिरलेल्या. धडक झाली म्हने. मी वाचून राह्यली होती त्याच्याबद्दल. पन एवढी धडक होते, अन् तारे एकमेकाले लागत नाईत. एवढी जागा असते मधात. अब्जानं तारे, अन् एकमेकातून आरपार जातात. समजलं का तुले?"

"समजलं."

"नाई समजलं. मले बी नाई समजलं. सकाळपासून तेच पाहून राह्यली." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "काकूले बोलावलं. त्या म्हने, जत्रंत दोन गर्द्या समोरासमोर येतात अन् कोनालेच धक्का लागत नाई, असं कुठं होते का? म्या म्हनलं, इथं होते."

"आणि पुढे काय होतं त्यांचं?"

"हळूहळू एक होतात. लय वेळ लागते पन."

खाली अंगणात पोरंपोरी प्रवेशाच्या रांगेत उन्हात उभी होती, डोक्यावर फायली धरून. कोणीतरी मला आतून हाक मारली. मी हातानंच थांबा म्हटलं. पलीकडे आईनं माऊस क्लिक केल्याचा बारीक आवाज आला, मग तिचा रोखून सोडलेला श्वास.

"थांब," ती म्हणाली, "आनखी एक आली. सांगतो तुले कशी हाय."

आणि ती सांगू लागली.